फोनवर काय मिळते आणि काय मिळत नाही
वाचकांचे प्रश्न : उशिराचे प्रवेश

नाशिकला पावसाळ्याच्या उत्तरार्धात या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून-जुलैमध्ये ‘कोणती शाखा घेऊ’ असे विचारणारे विद्यार्थी आता ‘अजून काही शिल्लक आहे का’ असे विचारू लागतात, आणि त्या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘कोणाला फोन करू, काय बोलू’ हा प्रश्न येतोच. मी काही वर्षे एका महाविद्यालयाच्या प्रवेश समितीत काम केले असून तेथे असे शेकडो फोन घेतले आहेत. त्यामुळे या वेळी चार पत्रांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी सिन्नरला राहते. बारावी विज्ञान उत्तीर्ण असून सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, मला ८१ पर्सेंटाइल आहेत. कॅपच्या (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) चौथ्या फेरीत मला स्थापत्य अभियांत्रिकीची जागा मिळाली व ती मी स्वीकारली, परंतु मला संगणक किंवा माहिती तंत्रज्ञान शाखा हवी होती. आता संस्थास्तरीय फेरीसाठी, म्हणजे उरलेल्या जागा महाविद्यालये स्वतः भरतात त्या फेरीसाठी, नाशिकच्या महाविद्यालयांना फोन करायचे आहेत. आमच्याकडे असे फोन बाबा किंवा मामा करतात. मामा म्हणतात, ‘तू राहू दे, आम्ही बोलतो.’ मला स्वतः बोलायचे आहे, पण काय विचारावे तेच सुचत नाही.
(विद्यार्थिनी, सिन्नर)

उत्तर : स्वतः बोलायचे तुम्ही ठरवले आहे, ते योग्यच आहे. प्रवेश कक्षात फोन घेणारी व्यक्ती पहिल्या दोन मिनिटांत जे विचारते, म्हणजे पर्सेंटाइल किती, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे मिळून गुण किती, कॅपचा अर्ज क्रमांक कोणता, अर्जाची छाननी पूर्ण झाली का, त्यातील बहुतेक गोष्टी वडीलधाऱ्यांना तोंडपाठ नसतात. ते ‘थांबा, मुलीला विचारतो’ म्हणतात, फोन हातोहाती फिरतो, आणि तेवढ्यात पलीकडे दुसऱ्या फोनची घंटा वाजू लागते. घरातल्या फोनाफोनीत होणारी आणखी एक चूक म्हणजे पर्सेंटाइल आणि टक्के यांची अदलाबदल. बारावीला ८१ टक्के असणे आणि सीईटीत ८१ पर्सेंटाइल असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत; टक्के म्हणजे मिळालेले गुण, तर पर्सेंटाइल म्हणजे शंभरातील किती परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत, याचा आकडा. चुकीचा आकडा सांगितला की मिळणारे उत्तरही चुकीचे असते आणि त्या उत्तरावर विसंबून आठवडा वाया जातो. मामांना शेजारी बसवा, त्यांच्या हाती वही-पेन द्या, पण बोला तुम्हीच.

फोन करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की असावी. आपल्याकडच्या संस्थास्तरीय फेरीत फोनवरून जागा मिळत नाही. या फेरीतील जागा गुणवत्तेनुसार भरायच्या असतात. संस्थेने सूचना प्रसिद्ध करायची, अर्ज मागवायचे, गुणवत्ता यादी लावायची आणि त्या क्रमाने प्रवेश द्यायचे, असा नियम आहे. म्हणून ‘सर, माझ्यासाठी एक जागा ठेवाल का’ या विनंतीला प्रामाणिक माणूस ‘नाही’ असेच उत्तर देईल, आणि ‘ठेवतो’ असे म्हणणाऱ्यापासून तुम्ही सावध राहावे. फोन माहितीसाठी करायचा असतो. माहिती नेमकी मिळाली, तर अर्ज वेळेत आणि योग्य ठिकाणी जातो. फोनकडून यापेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नका.

आता काय विचारायचे ते सांगतो. संगणक शाखेत जागा आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. ती जागा कॅपच्या फेऱ्यांनंतर रिक्त राहिलेली आहे की संस्थेच्या स्वतःच्या कोट्यातील आहे, हे विचारा, कारण दोन्हींचे शुल्क व सवलती यांत फरक पडू शकतो. अर्ज ऑनलाइन द्यायचा की प्रत्यक्ष येऊन, त्याची शेवटची तारीख आणि वेळ कोणती, गुणवत्ता यादी केव्हा व कोठे लागेल, यादीत नाव आल्यावर किती तासांत हजर राहायचे, हे त्याच क्रमाने विचारा. यांतला शेवटचा प्रश्न बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सकाळी यादी, दुपारी प्रवेश आणि संध्याकाळी उरलेल्या जागा पुढच्या क्रमांकांना, असा प्रकार या फेरीत अनेकदा घडतो, आणि सिन्नरहून निघालेली मुलगी द्वारका चौकातील वाहतुकीत अडकलेली असताना तिचा क्रमांक ओलांडला जातो. त्यामुळे यादीच्या दिवशी मूळ कागदपत्रांसह सकाळीच नाशिकमध्ये असावे. शुल्काबाबत ‘फी किती’ एवढेच न विचारता शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि अनामत रक्कम असे वेगवेगळे आकडे मागून घ्या. महाविद्यालय स्वायत्त आहे की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परीक्षा पद्धतीने चालते, हेही विचारून ठेवा.

बोलण्याची सुरुवात साधी असावी. ‘नमस्कार मॅडम, मी सिन्नरहून बोलते आहे. मी कॅपमध्ये नोंदणी केली आहे, छाननी पूर्ण आहे, सीईटीत माझे ८१ पर्सेंटाइल आहेत. संगणक आणि माहिती तंत्रज्ञान या शाखांच्या संस्थास्तरीय फेरीबद्दल मला चार प्रश्न विचारायचे आहेत, आत्ता बोलू शकाल का?’ चार प्रश्न आहेत हे आधीच सांगितले की समोरची व्यक्तीही मनाने तयार होते. माझा स्वतःचा अनुभव असा आहे की अशा विद्यार्थ्याला आम्ही जास्त वेळ देत असू. उत्तर मिळाल्यावर ते आपल्या शब्दांत पुन्हा बोलून दाखवा, ‘म्हणजे गुरुवारी पाच वाजेपर्यंत अर्ज, आणि शुक्रवारी सकाळी यादी, बरोबर?’ आणि शेवटी बोलणाऱ्यांचे नाव विचारून तारीख व वेळेसह वहीत नोंदवा. त्याच दिवशी महाविद्यालयाच्या ईमेलवर तीन ओळींचे पत्र पाठवून हीच माहिती लेखी कळवण्याची विनंती करा. कार्यालय उघडताच किंवा बंद होताना फोन करू नये. सकाळी अकरा ते एक ही वेळ सोयीची असते.

हाती असलेल्या जागेबाबत मात्र घाई नको. स्थापत्यचा प्रवेश आज रद्द केला आणि संगणकच्या यादीत नाव आले नाही, तर दोन्ही गमावाल. एका वेळी दोन संस्थांत प्रवेश ठेवता येत नाही हे खरे, परंतु पहिला प्रवेश रद्द करण्याची वेळ नव्या यादीत नाव लागल्यावर येते, फोनवर ‘मिळून जाईल’ असे ऐकल्यावर नव्हे. प्रवेशाच्या अंतिम मुदतीपूर्वी रीतसर ऑनलाइन रद्द केल्यास १००० रुपये वजा करून शुल्क परत मिळते. मुदत उलटल्यावर अनामत रकमेखेरीज सहसा काही हाती लागत नाही. ती तारीख सीईटी कक्षाच्या, म्हणजे कॅप राबवणाऱ्या राज्य कार्यालयाच्या, वेळापत्रकात असते. ती आजच भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. आणि एक गोष्ट माझे मत म्हणून सांगतो. केवळ संगणक हे नाव मिळावे म्हणून चांगल्या महाविद्यालयातील स्थापत्य शाखा सोडून, जेथे प्रयोगशाळा व पूर्णवेळ शिक्षक पुरेसे नाहीत अशा ठिकाणी जाऊ नका. फोन करण्यापूर्वी त्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याशी बोला.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील शेतकरी आहे. मुलीला अभियांत्रिकीला घालायचे आहे, तिसऱ्या फेरीपर्यंत मनासारखी जागा मिळाली नाही, एक फेरी बाकी आहे. एका मध्यस्थाने फोनवर सांगितले की आत्ताच रोख रक्कम दिली तर एका महाविद्यालयात जागा पक्की करून देतो. आम्ही ओबीसी आहोत, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. कांदा चाळीत आहे, पण भाव नाही. तरी मुलीसाठी विकायची तयारी आहे. द्यावे का?
(एक पालक, निफाड)

उत्तर : देऊ नये. आपला कांदा चाळीतच राहू द्या.

प्रवेशासाठी अशी रक्कम मागणे आणि घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश व शुल्क २०१५ च्या स्वतंत्र कायद्याने बांधलेले आहेत. त्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क ठरवते आणि प्रवेश नियामक प्राधिकरण प्रवेशांना मान्यता देते. मध्यस्थाला दिलेल्या रोख पैशांची पावती नसते. म्हणून उद्या प्रवेश मान्य झाला नाही, तर आपल्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. त्याने पुन्हा फोन केला, तर एवढेच म्हणा, ‘महाविद्यालयाच्या नावाने धनादेश देतो, अधिकृत पावती द्या.’ त्यावर तो काय म्हणतो, यावरून आपल्याला सारे कळेल.

आपल्या बाबतीत आणखी एक मोठे कारण आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत मिळते. परंतु हा प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो; व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरील प्रवेश त्यातून वगळले आहेत. म्हणजे त्या मध्यस्थामार्फत गेल्यास आपण रोख रक्कम तर द्यालच, शिवाय पुढील चार वर्षांची सवलतही सोडून द्याल. हा हिशेब कोणी फोनवर सांगत नाही.

म्हणून जी एक फेरी बाकी आहे, तिच्याकडे सगळे लक्ष द्या. २०२५-२६ पासून अभियांत्रिकीला चार फेऱ्या असून पहिल्या फेरीत पहिला पसंतिक्रम, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला तर ती जागा आपोआप कायम होते; चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम असते. त्यामुळे चौथ्या फेरीचे पसंतिक्रम भरताना यादी आखूड ठेवू नये. नाशिक शहरातील महाविद्यालये वर ठेवा, परंतु त्यांच्या खाली जिल्ह्यातील, अहिल्यानगरकडील, धुळे-जळगावकडील चांगली महाविद्यालयेही घाला. मुलगी ज्या ठिकाणी खरोखर जाणार नाही, ते नाव मात्र यादीत नसावे. या फेरीपूर्वी फोन करायचा असेल, तर तो महाविद्यालयाच्या वसतिगृहाला करा. मुलींच्या वसतिगृहात जागा आहे का, खानावळीसह वर्षाला किती खर्च येतो, आणि रात्री किती वाजता दार बंद होते, हे मुलीच्या आईला विचारू द्या. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत व जात वैधता प्रमाणपत्र हेही आजच तपासा. यांतला एक कागद कमी पडला तर मुलीचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो.

प्रश्न : माझ्या मुलाला इंग्लंडमध्ये पदवी शिक्षणासाठी जायचे आहे. वेळेत अर्ज करता आला नाही. तेथे ‘क्लिअरिंग’ नावाची शेवटच्या टप्प्यातील प्रवेशाची पद्धत आहे आणि त्यात फोनवरून प्रवेश मिळतो असे ऐकले. नाशिकमधून हे शक्य आहे का?
(एक आई, गंगापूर रोड)

उत्तर : शक्य आहे, मात्र वेळेचे आणि पैशाचे गणित आधी जुळायला हवे.

ब्रिटनमधील पदवी प्रवेश यूकास या मध्यवर्ती संस्थेमार्फत होतात. ३० जूनच्या सायंकाळनंतर आलेला नवा अर्ज थेट क्लिअरिंगमध्ये जातो, आणि जुलैच्या आरंभी सुरू होणारी ही प्रक्रिया ऑक्टोबरपर्यंत चालते. ज्या अभ्यासक्रमांत जागा उरल्या आहेत त्यांची यादी यूकासच्या संकेतस्थळावर दिसते. विद्यार्थी स्वतः विद्यापीठाला फोन करतो, प्रवेश कक्षातील व्यक्ती त्याचे गुण व विषय विचारून घेते, कधी कधी पाच-दहा मिनिटांची छोटी मुलाखतच होते, आणि समाधान झाल्यास तोंडी प्रस्ताव देते. आपल्याकडे फोनवर केवळ माहिती मिळते, तेथे फोनवर प्रत्यक्ष निर्णय होऊ शकतो, हा या दोन पद्धतींतला मूळ फरक आहे. तरीही तो तोंडी प्रस्ताव म्हणजे प्रवेश नव्हे. विद्यापीठाने दिलेल्या मुदतीत विद्यार्थ्याने यूकासच्या खात्यात तो पर्याय नोंदवायचा असतो, एका वेळी एकच पर्याय नोंदवता येतो, आणि विद्यापीठाने तो मान्य केल्यावरच गोष्ट पूर्ण होते. दोन-तीन ठिकाणचे तोंडी प्रस्ताव घेऊन एक रात्र विचार करण्यास हरकत नाही. नोंद मात्र पूर्ण विचारांती करावी.

तेथील कक्ष आईवडिलांशी बोलत नाही. विद्यार्थ्याने नाव देऊन परवानगी नोंदवलेली नसेल तर ते नम्रपणे नकार देतात, आणि परवानगी असली तरी त्यांना विद्यार्थ्याचाच आवाज ऐकायचा असतो. तेव्हा मुलालाच तयारी करू द्या. यूकासचा क्रमांक, बारावीचे विषयवार गुण, दहावीचे इंग्रजीचे गुण, इंग्रजी चाचणीचा निकाल आणि हाच विषय का, याचे दोन-तीन खऱ्या वाक्यांतले उत्तर त्याच्यासमोर कागदावर असावे. आपले मराठी नाव व आडनाव इंग्रजी अक्षरे एकेक सुटी करून सांगण्याचा सराव त्याने जरूर करावा. फोनवर चुकलेले स्पेलिंग पुढे पारपत्राशी जुळत नाही आणि दुरुस्तीत दिवस जातात. वेळेत अर्ज का केला नाही असे विचारल्यास खरे कारण सांगावे, सबब रचू नये.

फोन कधी करावा, याबाबत आपल्या मुलाला एक मोठा फायदा आहे. ब्रिटिश विद्यार्थ्यांचा ए-लेव्हलचा, म्हणजे तेथील बारावीसारख्या परीक्षेचा, निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. २०२५ मध्ये तो १४ ऑगस्टला होता. त्या दिवशी सकाळी आठपासून, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारापासून, विद्यापीठांच्या फोनवर रांगा लागतात. महाराष्ट्र मंडळाचा बारावीचा निकाल मात्र त्याच वर्षी ५ मे रोजी हाती आला होता. निकाल हाती असलेल्या विद्यार्थ्याने ऑगस्टची वाट पाहण्याचे कारण नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भारतीय वेळेनुसार दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान फोन केला तर समोरच्याला बोलायला सवड असते.

पहिले दोन प्रश्न असे असावेत : या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी जागा आहे का, आणि व्हिसासाठी लागणारे कॅस हे पत्र देण्याची आपली शेवटची तारीख कोणती? संकेतस्थळावर दिसणारी प्रत्येक जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी असतेच असे नाही. तिसरा प्रश्न महाराष्ट्र मंडळाच्या गुणांचा. अनेक विद्यापीठे राज्य मंडळांच्या विद्यार्थ्यांकडून केंद्रीय मंडळाच्या तुलनेत अधिक टक्के मागतात, तर काही ठिकाणी पदवीपूर्वी तयारीचे एक पायाभूत वर्ष करावे लागते, आणि त्यामुळे एक वर्षाचा खर्च वाढतो.

पैशाबाबत स्पष्टच सांगतो. विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. ऑगस्टच्या शेवटी प्रस्ताव मिळाला आणि तेव्हा मुदतठेव मोडून पैसे जमा केले, तर २८ दिवस पूर्ण होईतो सप्टेंबर सरतो आणि वर्ग सुरू झालेले असतात. म्हणून रक्कम जुलैपासूनच खात्यात हवी, अथवा शैक्षणिक कर्जाचे बँकेचे रीतसर मंजुरीपत्र हाती हवे. शिवाय क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे लागते, आणि तेथील आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड असून तो संपूर्ण अभ्यासक्रमाचा एकदम भरावा लागतो. हे सारे आज तयार नसेल, तर या वर्षी क्लिअरिंगच्या मागे न धावता पुढील वर्षासाठी वेळेत अर्ज करणे मला अधिक योग्य वाटते. मधल्या वर्षात मुलगा नाशिकमध्येच एखाद्या पदवी वर्गात शिकू शकेल.

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात पाळीमध्ये काम करतो. बारावी होऊन तीन वर्षे झाली. यंदाही महाविद्यालयांच्या तारखा निघून गेल्या. मुक्त विद्यापीठात उशिरा प्रवेश मिळेल का, आणि फोन विद्यापीठाला करू की केंद्राला?
(वाचक, सिडको)

उत्तर : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच नाशिकमध्ये आहे आणि १९८९ पासून ते आपल्यासारख्या नोकरी करणाऱ्यांसाठीच काम करते आहे. त्याच्या पदवीला इतर विद्यापीठांच्या पदवीइतकीच मान्यता आहे. प्रवेशाची मुदत अनेकदा महाविद्यालयांपेक्षा पुढे असते, पण ती अमर्याद नसते. दूरशिक्षणाच्या प्रवेशांची अंतिम तारीख विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो. चालू मुदत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहा आणि फोन अभ्यासकेंद्राला करा, कारण आपल्या अडचणी केंद्राशी निगडित आहेत. आपल्या विषयाचा अभ्यासक्रम त्या केंद्रात चालतो का, संपर्कसत्रे रविवारी असतात की अन्य दिवशी, पुस्तके केंद्रातूनच मिळतात का, आणि पाळी बदलल्यास केंद्र बदलून मिळते का, हे विचारा. केंद्रात संध्याकाळी फोन उचलण्याची शक्यता अधिक असते, कारण बरीचशी केंद्रे नेहमीच्या महाविद्यालयांतच चालतात आणि दिवसा तेथील कर्मचारी त्या कामात असतात.

फोन करण्यापूर्वी एक काम करून घ्या. दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता आयोगाचा डेब आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) लागतो, आणि तो काढताना एबीसी खाते (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारे ऑनलाइन खाते) व आधारवरील नाव जुळावे लागते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावात एखाद्या अक्षराचा फरक, असे असल्यास आधारची दुरुस्ती या आठवड्यातच करून घ्या, कारण तिला काही दिवस लागतात आणि प्रवेशाची मुदत तेवढ्यासाठी थांबत नाही.